गव्हाणीत पडलेली भाकरी

मालकीण आक्कासाबांनी उंचावरून भाकरी सोडली. माझ्या पदरात पडायची ती गव्हाणीत पडली. पेंडीच्या पाण्यात.

"उचल की गं. वासरंबी तिथंच खात्यात."

मी उचलली. पदराला पुसली. खाल्ली.

कोगनोळीत त्यांच्या गोठ्यात मी शेणघाण काढायची. चौथीतून शाळा सुटली तेव्हापासून. दुष्काळ सरून थोडीच वर्षं झाली होती, आमची चूल रोज पेटत नव्हती. त्या घरात आधी घरचे जेवायचे, मग वरच्या जातीचे गडी, उरलं तर मी. माझ्या हाताला हात लागू नये म्हणून भाकरी वरून सोडायची, ही तिथली रीत.

गोठ्यात चार कालवडी एका गव्हाणीवर मोकळ्या सोडायच्या. पांढरी सगळ्यांत दांडगी. पेंड पडली की डोकं मारून बाकीच्यांना हटवायची. बारकी तांबडी भिंतीला चिकटून उभी असायची. बरगड्या वर आलेल्या. मालक आप्पा म्हणायचे, "ती जल्माचीच दुबळी. तिला पेंड घालून काय उपेग?"

भाकरी पडली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पांढरीला आखूड दाव्यानं गव्हाणीच्या टोकाला बांधलं. मधल्या दोघी लगेच खायला लागल्या. तांबडीपुढं जागा मोकळी. ढकलणारं कोणी नाही. तरी ती मान खाली घालून उभीच. नजर पांढरीकडं.

काल ती भाकरी नको म्हणायला माझं तरी तोंड कुणी धरलं होतं?

मूठभर पेंड तिच्या तोंडाखाली धरली. ती हुंगून मागं सरली. परत धरली. मग चाटली. रोज असंच. पुढं ती आपणहून गव्हाणीवर यायला लागली. एका सकाळी पांढरीचं दावं सुटलं. तिनं तांबडीला बरगडीत डोकं मारलं. तांबडी हेलपाटली, पण गव्हाणीतून तोंड काढलं नाही.

त्याच दुपारी आक्कासाब आल्या. भाकरीचा हात वर. मी पदर पसरला नाही.

"का गं? पोट भरलंय व्हय?"

मी हात पुढं केला. मग म्हणाले, "हातात द्या."

"काय म्हणालीस?"

"हातात दिली तर खाते. न्हायतर न्हाय."

भाकरी त्यांनी कुत्र्याला टाकली. "उद्यापास्नं येऊ नगंस."

उपाशी घरी गेले. मग निपाणीला तंबाखूच्या वखारीत कामाला लागले. तिथंही पाण्याच्या घागरी दोन. आमच्या जातीची वेगळी, दाराबाहेर उन्हात.

मी आतल्या घागरीत तांब्या बुडवला.

"ए, ती तुमची न्हवं," मागून कोणीतरी बाई म्हणाली.

बायका उठून जवळ आल्या. मी तांब्या तोंडाला लावला.

मारू देत डोकं. मी तोंड काढणार नाही.