तिसऱ्या वेळी मी खोटे बोललो

मी, मारुती गणपत कोंढरे, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला टर्नर, आपणा सर्वांसमोर खरे ते लिहून देतो.

आज सकाळी खराडीला नातीच्या शाळेत चित्रपटाची कार्यशाळा होती. मुलांनी आजी-आजोबांवर लघुपट करायचा होता. आमची सई कॅमेरा धरून उभी.

शिकवायला आलेले दिग्दर्शक मला म्हणाले, "आजोबा, म्हणा ना, शिकलो असतो तर आयुष्य वेगळं झालं असतं."

"अहो, माझं आयुष्य उत्तम गेलं. नवे इंजिनिअर माझ्या लेथवर काम शिकले."

"हो, पण चेहरा जरा पडलेला हवा."

मी दोनदा नकार दिला. इतरांचे लघुपट पूर्ण झाले होते आणि सई रडवेली झाली होती. तिसऱ्या वेळी मी ते वाक्य म्हटले.

सई बिलगली. "आजोबा, तुम्ही हे कधी सांगितलंच नाहीत!"

दुपारपासून मला एका जागी बसवत नाही. शनिवारी लघुपट पालकांना दाखवणार आहेत. खरे सांगितले तर तिची मेहनत वाया जाते, न सांगितले तर तिच्या लेखी मी जन्माचा दुःखी. आपण काय केले असते?

उपस्थित साक्षीदार: दिग्दर्शक, वर्गशिक्षिका आणि वर्गातील मुले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.