लोक ओरडल्याबिगर पडायचं न्हाई

सोसायटीच्या गणपतीत माझी नात आणि तिची दोस्तमंडळी मिळून पाच जण नाच बसवत होते. जगाला वाचवणाऱ्या सुपरहिरोंची टोळी. एकाला उडता येतं, एकाच्या हातातून आग निघते, नातीकडे वीज. कुरुळी गाव सोडून पिंपळे सौदागरला मुलाच्या फ्लॅटात आलो, तेव्हापासून बसून बघणं एवढंच काम मला उरलंय. बघत होतो. नाच कसला, नुसती भांडणं. आग पुढं उभी राहणार का वीज, यावरनं सगळी दुपार गेली.

शेवटी मीच विचारलं, "व्हय गं, पण जगाला वाचवताय कुणापासून?"

"व्हिलनपासून, आजोबा."

"कुठाय तो?"

व्हिलन व्हायला कुणी तयार नव्हतं. एकाची आई म्हणाली होती, आमचा मुलगा वाईट माणसाचं काम करणार नाही. आणि कमिटीच्या बाईंचा निरोप आलेला, संध्याकाळपर्यंत नाच धड बसला नाही तर नंबर कापू. नातीचे डोळे भरले, पण तोरा तसाच. "व्हिलन इतका इम्पॉर्टंट नसतो. टीम हिरोंची असते."

आता मात्र मला राहवलं नाही. गावच्या जत्रेच्या नाटकात मी कायम खलनायकच केला. चाकणला कंपनीत पहिली शिफ्ट मारायची आणि तसंच घामेजल्या अंगानं तालमीला जायचं. हिरो कुणालाही करता यायचा. गोरा पोरगा बघायचा, फेटा बांधायचा, झालं काम. खलनायकाला माणूस शोधावा लागायचा. आमचे तालीममास्तर म्हणायचे, "लोक 'मार त्याला' म्हणून ओरडल्याबिगर पडायचं न्हाई. लवकर मेलास तर हिरो हलका पडतो." म्हणून आमच्याकडं नाटकाचा नारळ खलनायकाच्या हातनं फुटायचा. मला तर बाया दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर शिव्या द्यायच्या. चांगलं वाटायचं.

"मी होतो व्हिलन," मी म्हणालो.

मुलगा म्हणाला, "अण्णा, गुडघे बघा तुमचे."

"गुडघे माझे हायत. माझं मी बघतो."

रात्री कार्यक्रमाला सुनेची काळी ओढणी पाठीवर टाकली, डोळ्यांना काजळ फासलं आणि चढलो स्टेजवर. पायऱ्या चढतानाच जीव मेटाकुटीला आला. आवाज मात्र लागला. हसलो तसा पुढच्या रांगेतला एक लहानगा रडायला लागला. म्हटलं, जमलं. मग पाचही हिरो थर्माकोलच्या तलवारी घेऊन आले आणि मला बडवू लागले.

मी उभाच. समोर सगळे मोबाईल वर धरून बसलेले. कुणी म्हणून ओरडत नव्हतं. गाणं संपलं. तलवारी मोडल्या. मी उभाच.

आगवाला हळूच म्हणाला, "आजोबा, मरा ना."

"लोक ओरडल्याबिगर न्हाई."

बाजूनं कमिटीच्या बाई हात जोडत होत्या. "काका, प्लीज! पुढचा नंबर थांबलाय. पडा की आता!"

"नंबर तुमचा, बाई. पडणं माझं."

म्हणालो खरं, पण वाटत होतं, टेकावं इथंच, कोण विचारतंय. नातीनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं असावं, म्हातारा ऐकायचा नाही. ती वळली, स्टेजच्या कडेला गेली आणि लोकांवरच ओरडली, "मोबाईल खाली ठेवा ना! ओरडा! नाहीतर आजोबा मरणार नाहीत!"

मग आगवाला तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. पाठोपाठ बाकीचे तिघं. पाचही एका ओळीत. पुढं कोण, मागं कोण, कुणी विचारलं नाही. "ओरडा! ओरडा!"

पहिला आवाज आला गेटवरच्या वॉचमनचा. लातूरकडचा गडी. "हाण की त्याला, बाळा! काय बघायलास!" त्याच्यामागनं ड्रायव्हर, कामवाल्या बाया, मग खुर्च्यांवरची मंडळीही. सगळं पटांगण "मार, मार" करायला लागलं. पाची जण वळून एकदम अंगावर आले. मी पडलो. खाली जाताना काय बरं वाटलं म्हणून सांगू.

पण उठता येईना. पुढचं गाणं वाजू लागलं तरी मी आडवाच. त्या पोरांनी दंडाला, बगलेला, ओढणीला धरून मला ओढत उभं केलं. माईकवरनं पाचही हिरोंची नावं घेतली. माझं नाही घेतलं. असू दे.

घरी आल्यावर नात बाम घेऊन आली. म्हणाली, "तरी टीम हिरोंचीच असते, आजोबा."

"बरं. मला उचललं कुणी?"

"आम्ही सगळ्यांनी. एकट्याला उचलवतच नव्हतं."

"दुपारी तर एका ओळीत उभं राहता येत न्हवतं तुमाला."

ती बाम चोळत राहिली. माझ्याच घराण्यातली, लगेच कशी कबूल होईल? मीही पुढं ताणलं नाही. डोळे मिटून घेतले.