सरांचा डावा कान

परीक्षणवाल्या सरांना एका कानाने ऐकू येत नसे. डावा कान लहानपणीच गेलेला. उजवा मात्र इतका तिखट की पेटीची एक पट्टी उतरलेली त्यांना रस्त्यावरून कळायची. उदगीरच्या एका साप्ताहिकात ते गाण्याबजावण्यावर लिहीत. काही आवडलं नाही की बोलत नसत, नुसती मान वळवून डावा कान पुढे करत. असा कान वाट्याला आलेले एक भजनी बुवा पुन्हा गावात गायले नाहीत म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण आम्ही त्या कानाला जाम टरकून असायचो.

त्यांची आणखी एक रीत होती. ज्याच्याविषयी लिहायचं त्याला समोर बसवूनच ऐकायचं, आणि लिहिलेलं छापायला देण्याआधी त्याच्या तोंडावर वाचायचं. "पाठीमागं बोलायला मी काय चहाडखोर हाय का?" असं विचारत.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि दुष्काळ होता. आम्ही चौघांनी रॉक बँड काढला. गिटार हैदराबादहून आणलेली, गायला मिलिंद, ड्रमवर मी. पहिली कॅसेट आम्ही मोंढ्यातल्या धान्याच्या अडतीच्या गोदामात भरली. नव्या जिल्ह्यात वर्तमानपत्रंही नवी निघाली होती. एकाने लिहिलं, 'पत्र्यावर दगड पडल्यासारखं वाटतं.' दुसऱ्याने आमच्यापेक्षा टँकरचा भोंगा सुरेल ठरवला. लातूरचा कॅसेटवाला म्हणाला, "तुमचे सर बरं लिहितील तर ठेवतो, न्हाई तर समद्या उचला." मिलिंदला घरून तेवढीच मुदत होती. कॅसेट परत आली की तो पुण्याला मामाच्या कारखान्यात जाणार, म्हणजे बँड संपलाच.

भर दुपारी सरांच्या ओसरीवर आम्ही ओळीने बसलो. वीज नव्हती, टेपरेकॉर्डरमध्ये सेल घातले. माझे तळहात घामाने चिकट झाले होते. पहिलं गाणं निम्म्यावर आलं आणि सरांनी मान वळवली. डावा कान पुढे आला. मिलिंद चपला शोधायला उठला.

"बस खाली," सर म्हणाले. "ह्या कानाला बी काही लागतंय का, बघून राहिलो. थोडं लागतंय." मग टेप थांबवून त्यांनी विचारलं, "हे भरलं कुठं?"

"अडतीच्या गोदामात, सर."

"रिकामं होतं?"

"हाव. औंदा माल कुठाय?"

दोन दिवसांनी सरांनी बोलावून परीक्षण वाचून दाखवलं. चुका एकूण एक काढल्या होत्या. माझा ताल धावतो, हेही होतं. मी मान खाली घातली. शेवटी लिहिलं होतं: 'गोदाम भरलेलं असतं तर पोत्यांनी हा आवाज गिळला असता. यंदाचं रिकामपण या कॅसेटमध्ये ऐकू येतं. ही पोरं भ्यालेली आहेत, म्हणून ओरडतात. यंदा न भ्यालेला माणूस आहे तरी कुठे?'

कॅसेटवाल्याने माल ठेवला. मिलिंद राहिला, आणि पुढची काही वर्षं आम्ही मनसोक्त गोंगाट केला.

पुढे बँड मोडला, मी एकटाच वाजवत राहिलो. हैदराबादच्या चांगल्या स्टुडिओत भरलेली नवी कॅसेट घेऊन सरांकडे गेलो, तेव्हा त्यांचा उजवा कानही गेला होता. तरी रीत सुटली नव्हती. मला समोर बसवलं, तळहात स्पीकरवर ठेवला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. माणसाला समोर कशाला बसवत, हे मला तेव्हा कुठे कळलं.

"ताल आता धावंना. हाताला कळून राहिलंय," ते म्हणाले. "पर तू आता भीत न्हाईस रे."

आणि दोन्ही कान गेलेल्या त्या माणसाने सावकाश मान वळवून डावा कान पुढे केला. इतका मी त्या दुपारी ओसरीवरही घाबरलो नव्हतो. ती कॅसेट मी कधीच बाजारात आणली नाही.