न पावलेल्या नवसाचा त्रिशूल

माझी अकोल्याची आत्या सल्ला विचारत नसे. ठरवून कळवत असे. पाटबंधारे खात्यात तिने टायपिस्ट म्हणून नोकरी केली, पण घरात सगळे तिला 'साहेब' म्हणत. कोणाच्या लग्नाला कधी निघायचं, वाटेत कुठे थांबायचं, हे तिच्या तोंडून एकदा निघालं की पुढे चर्चा नसे.

आतोबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा ती पचमढीजवळच्या चौरागडच्या महादेवाला नवस बोलली. ते बरे होऊन घरी आले की स्वतः त्रिशूल घेऊन डोंगर चढणार आणि देवाला वाहणार. लोहाराला त्रिशूल घडवायलाही लगेच सांगून टाकलं. मला अमरावतीला फोन आला : गाडी तुझी, चालवायची तूच. परतवाड्यावरून बैतूल, तिथून पचमढी, असा रस्ता ठरला. आतोबा खाटेवरून त्यात भर घालत. घाटात तिला मळमळतं, गाडी हळू घे, असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं.

आतोबा घरी आले नाहीत. दवाखान्यातच गेले.

जाणं आपोआप रद्द झालं, असं मी धरून चाललो. तिच्या थोरल्या दिरांनीही सांगितलं, की देव पावलाच नाही तर फेडायचं काय, आणि वर्षाच्या आत देवाला जाऊही नये. आत्याने ऐकून घेतलं आणि मला फोन लावला. रविवारी निघू, म्हणाली. मी चाचरत विचारलं, आता काहून?

"त्रिशूल तयार झाला ना. घरात ठेवून त्याले गंज चढू देऊ काय?"

यात्रेचे दिवस नव्हते, त्यामुळे पायऱ्या मोकळ्या होत्या. त्रिशूल तिने खांद्यावर घेतला. मला हात लावू दिला नाही. दम लागला की तो टेकवून उभी राही आणि दरी बघत असल्यासारखं करी. लिंबू सरबतवाल्याने कौतुकाने विचारलं, मन्नत पूरी हुई, अम्मा? "नहीं हुई," एवढं बोलून तिने ग्लास रिकामा केला.

वर देवळाभोवती लोकांच्या त्रिशुलांचं रान माजलेलं. त्यात जागा करून तिने आपला उभा केला. मग देवासमोर जाऊन, ऑफिसात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "तू तुह्यं काम केलं नाही. मी माह्यं केलं." आणि हात जोडले.

मग आम्ही उतरायला लागलो. माझा खांदा धरून ती एकेक पायरी उतरत होती. अर्ध्या वाटेत थांबली.

"हे आले असते ना, तर इथूनच वापस फिरले असते," म्हणाली आणि हसली. हसता हसता पायरीवर बसली, पदर तोंडाशी धरला आणि रडायला लागली. आतोबांना दवाखान्यात ठेवल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. खालून काही माणसं त्रिशूल घेऊन येत होती. मी तिच्याजवळ सरकून बसलो आणि त्यांना वाट करून दिली.