निलगिरीखालचं गाऱ्हाणं

सर्दी झाली की मी रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकतो आणि मला अहमदी आठवतं. नव्वदीच्या शेवटची वर्षं होती. आम्ही सहा कोकणी सुतार आखातात, शुवैखच्या वर्कशॉपात कामाला होतो आणि रिग्गईत एका खोलीत राहायचो. डोळ्यांना जरा हिरवं दिसावं म्हणून एका शुक्रवारी बसने अहमदीला गेलो. तेल कंपनीने वसवलेलं ते छोटंसं शहर. जुने बैठे बंगले, कापलेली कुंपणं, रस्त्याकडेला उंच निलगिरी. आमच्यातले वयस्क मेस्त्री फाटका-फाटकाशी थांबून लाकडाच्या सांध्यावरून हात फिरवत होते. चार वर्षं ते घरी गेले नव्हते. सावलीत डबे उघडले, तेव्हा त्यांनी पहिला घास झाडाच्या बुंध्याशी ठेवला. "जागेक राखणदार आसताच," म्हणाले, आणि चपला काढून, हात जोडून गावच्यासारखं मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरा परमुलखात इली हत, सगळ्यांका सुखरूप घराक पोचव रे म्हाराजा." मग ते थांबले. इथे बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं असतं. पण समोरून एक गोरं कुटुंब फिरायला चाललं होतं, आणि आम्ही पाचहीजण लाजून डब्यात बघत राहिलो. मेस्त्रींनी जरा वाट बघितली, मग स्वतःच हळू आवाजात म्हणाले, "होय म्हाराजा." आता मी गावातच असतो. देवळात गाऱ्हाणं झालं की सगळ्यांबरोबर मीही 'होय म्हाराजा' म्हणतो, आणि सगळे गप्प झाले की आणखी एकदा.