नथ पेटीत, पेटी गाडीत

मला लिहायवाचायला येत न्हाई, आणि ह्याच एका गुणावर मला बेंगळुरात नोकरी लागली.

कंपनी बेंगळुराजवळच्या होसकोट्याची. मोठमोठ्या ऑफिसांचे गुपित कागद त्यांच्या दारात जाऊन फाडायचे, हे आमचं काम. मशीन गाडीतच असतं. ऑफिसात कुलपाच्या पेट्या ठेवलेल्या असतात, वर एक फट. साहेब लोक फटीतून कागद टाकतात, आम्ही पेट्या ढकलत खाली आणतो, मशीनात रिकाम्या करतो, की झाल्या कागदाच्या शेवया. मधे पेटी उघडायची न्हाई, आत डोकवायचं न्हाई, आणि ऑफिसचा एक माणूस शेवटपर्यंत समोर उभा. आमच्या सुपरवायझरांनी, मंजुअण्णांनी, मला पहिल्या दिवशी एकच विचारलं, "ओदक्के बरुत्ता?" म्हणजे वाचता येतं का. मी मान खाली घालून न्हाई म्हटलं. ते एवढे खूश झाले की लगेच चहा सांगितला. (आमच्या गुरुजींना हे कळायला पाहिजे होतं. उगाच मारलं त्यांनी मला.)

कंपनीत एक पेटी जादा झाली होती. अण्णांना विचारून ती मी घरी आणली.

बायको, सुनंदा, म्हणाली, "आपल्या घरात गुपित काय हाय? तुमचं वजन?"

"अगं, मला वाचता येत न्हाई. मला सगळेच कागद गुपित."

"आणि किल्ली?"

"किल्ली कंपनीत. त्यालाच सिक्युरिटी म्हणतात."

"म्हणजे आपल्याच पेटीची किल्ली आपल्याकडं न्हाई. शाबास."

इथल्या शिवाजीनगरातल्या आमच्या खोलीत जागा एकच उरली होती, देव्हाऱ्याशेजारी. तिथं ठेवली. त्यात नुकतीच आयुधपूजा झालेली. इथं आयुधपूजेला रिक्षापासून स्टेपलरपर्यंत कुणी हळदकुंकवातून सुटत न्हाई. आमच्या कंपनीच्या सगळ्या पेट्यांना कुंकवाची बोटं आणि झेंडूची माळ. माझ्याही.

आमच्या पोरीचा, पूजाचा, साखरपुडा रविवारचा ठरला. शुक्रवारी सासूबाई निपाणीहून आल्या, नथ घेऊन. ह्या बाईनं नवरा गेल्यावर एकेक दागिना विकून पोरं वाढवली, पण लग्नातली नथ विकली न्हाई. पहिली नात घालंल म्हणून ठेवली. रात्री कंबरेच्या पिशवीतनं काढून पूजाच्या नाकाला लावून बघितली, आणि परत पुडीत बांधली.

शनिवारी सकाळी सुनंदा म्हणाली, "उद्या पाहुणे येणार. आधी ते धूड हलवा इथनं." मी पेटी कंपनीच्या गाडीत चढवली आणि मंजुअण्णांबरोबर हेब्बाळला एका बँकेच्या ऑफिसात कामाला गेलो. म्हटलं, त्यांच्या कागदांबरोबर आपलेही फाडून टाकू.

तळघरात गाडी लावली, बँकेच्या पेट्या आणल्या, सगळ्या एका रांगेत लावल्या, आणि सुनंदाचा फोन आला.

"पेटी कुठं हाय?"

"इथंच. का?"

"फाडली?"

"अजून न्हाई. का पण?"

"आईनं त्यात नथ टाकली."

आता सांगा, सासूबाईंचं काय चुकलं? कुलूप, फट, कुंकू, झेंडू आणि शेजारी देव. कुणालाही दानपेटीच वाटणार. नातीचं जमलं म्हणून देवीला बोललेलं दान टाकायला गेल्या. पिशवीत पुड्या दोन, एक दानाची, एक नथीची. डोळ्यात मोतीबिंदू. पुडी चुकली.

सासूबाईंनी फोन घेतला. "जावईबापू, राहू दे. देवीला पाहिजे असंल," म्हणाल्या, आणि फोन सुनंदाकडं दिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पेट्यांच्या रांगेकडं बघितलं. सगळ्या करड्या, सगळ्यांना कुंकू, सगळ्यांना वाळका झेंडू.

मंजुअण्णा म्हणाले, "पेटीवर नंबर असतो की रे. तुझा कुठला?"

"असंल कुठला तरी. माझी नि त्याची कधी ओळख झाली न्हाई."

बँकेच्या बाजूनं समोर उभा होता चिन्मय नावाचा पुण्याचा मुलगा. मराठी माणूस म्हणून मी धावत त्याच्याकडं गेलो.

"काका, मी समजू शकतो, पण प्रोसेस आहे. कस्टमरचा डेटा आहे आत. पेटी उघडता येत नाही."

"साहेब, सासूची नथ हाय."

"प्रोसेसमध्ये सासूचा कॉलम नाहीये, काका."

तेवढ्यात मंजुअण्णा पुढं झाले. "सर, इसको पढना नहीं आता. देखेगा तो भी कुछ नहीं देखेगा."

चिन्मयनं एक कागद माझ्यासमोर धरला. "हे काय आहे?"

"कागद."

"काय लिहिलंय?"

"काळं काळं."

त्यानं मोठ्या साहेबांना फोन लावला. माझ्या अडाणीपणासाठी इतक्या वरपर्यंत कुणी शब्द टाकल्याचं मला तरी आठवत न्हाई. परवानगी आली! किल्ली अण्णांनी लावायची, चिन्मयनं समोर उभं राहायचं, आणि आत फक्त मी शिरायचं.

पहिल्या पेटीत हात घातला तो थेट खोबऱ्याच्या चटणीत. कुणीतरी इडलीचं पार्सल फटीतून सरकवलं होतं. पुढच्या पेटीत मोजा निघाला. एकच.

"हा पण डेटा का, साहेब?"

"काका, तुम्ही शोधा." (मुलगा लाजला बिचारा.)

असं करत करत एका पेटीत पोटापर्यंत उलटा उतरलो, बघतो तर समोर गणपती. त्याच्याखाली गणपती. बाजूला आणखी दोन गणपती आणि एक बालाजी. लग्नाच्या पत्रिका आणि जुनी कॅलेंडरं! देवाचं चित्र सुनंदा कचऱ्यात टाकू देत न्हाई. माझे गुपित कागद कुठले, तिनंच पेटी देवांनी भरली होती.

वरनं चिन्मयचा आवाज आला, "काका, ही आमची नाही, नक्की."

पुडी एका पत्रिकेच्या घडीत अडकली होती. मी आतनंच ओरडलो, बाहेर फक्त पाय होते. सासूबाईंना फोन लावला, "मामी, सापडली." पलीकडनं नुसता नाक ओढल्याचा आवाज. चिन्मयनंही चष्मा पुसला. एसीमुळं म्हणाला. तळघरात एसी न्हाई.

रविवारी पूजा नथ घालून बसली. काय दिसत होती पोरगी! विहीणबाईंनी हळूच सासूबाईंना विचारलं, "मुलीचे वडील नेमकं काय करतात?"

सासूबाईंनी रात्रभर ह्याच्यावर विचार केलेला. म्हणाल्या, "दानपेट्या असतात त्यांच्याकडं. मोठमोठ्या ऑफिसांतनं. रोज रिकाम्या करतात, पण आत ढुंकून बघत न्हाईत. देवीनं नथ परत दिली ती त्यांच्याच हातनं."

विहीणबाई उठल्या आणि सरळ माझ्या पाया पडल्या. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण पूजा माझ्याकडं बघून अशी हसली की नथ हलली. मी तोंड मिटलं आणि आशीर्वाद दिला.

तेव्हापासनं व्याह्यांकडं जेवायला गेलं की सगळ्यांना मटण आणि तांबडा रस्सा, आणि मला वेगळ्या पाटावर दुधीची भाजी. सुनंदा पलीकडं बसून हाडूक चोखत सगळ्यांना सांगते, "ह्यांचं सोवळं फार कडक हो."