गणपतीसाठी पाहिलेली गाडी

ही असताना आम्ही हमरापूरचा गणपती एसटीनं रोह्याला आणायचो. मूर्ती हिच्या मांडीवर, आणि कुणाचा धक्का लागला की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. मी शेजारी गप्प. ती गेली त्या वर्षी गणपती आणलाच नाही. दुसऱ्या वर्षी नातेवाईक म्हणाले, एकटा माणूस तू, कशाला एवढा व्याप? बंदच करून टाक. माझं डोकं फिरलं. बायको गेली म्हणून गणपतीही घालवायचा? वा रे वा!

पण एसटीच्या गर्दीत मूर्ती सांभाळणं मला एकट्याला जमणारं नव्हतं. आमची मूर्ती ज्या कारखान्यात व्हायची, त्याच्या मालकानं जुनी गाडी स्वस्तात विकायला काढली होती. खाडीकाठची गाडी, खाऱ्या हवेनं गंजली असेल म्हणून वाकून पत्रा ठोकून बघितला. खरं तर मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. सुट्टीत चालवायला शिकलो होतो, एवढंच.

"मास्तर, आज गणपती हिच्यातनंच न्या. पसंत पडली तं ठेवा, नाय तं आणून द्या," मालक म्हणाला. त्यानं शेजारच्या सीटवर पेंढ्यात मूर्ती बसवली, सुतळीनं बांधली. "बघा, धरायला माणूस लागतच नाय!"

तो कौतुकानं बोलला. मला ते फार लागलं.

गाडीनं कुठे कुरकुर केली नाही. वडखळ मागे पडलं तसा मी चक्क बडबडायला लागलो. खड्डा आला की "सांभाळ गं" म्हणायचो, आणि शेजारी पेंढा. वरसे येईपर्यंत ठरवून टाकलं, गाडी घ्यायची.

दाराशी आलो तर मूर्ती दोन्ही हातांत आणि किल्ली खिशात. दरवर्षी ही पुढे पळायची, कुलूप काढून भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन यायची. माझ्या पायांवर पाणी पडल्याशिवाय गणपती उंबरा ओलांडायचा नाही. इंजिन, टायर, पत्रा, सगळ्याचा विचार केला होता मी. दार कोण उघडणार, हे काही टाळक्यात आलं नव्हतं.

गणपती परत गाडीत नेऊन बसवला. कुलूप काढलं, तांब्या भरून उंबऱ्याशी ठेवला. मूर्ती घेऊन पुन्हा आलो, तर तांब्या उचलायला हात कुठे होते? तसाच कोरड्या पायांनी आत गेलो. मग मात्र रडू आवरेना.

विसर्जन झाल्यावर गाडी परत द्यायला गेलो. मालक चपापला. "काय खोट निघाली काय?"

"नाही हो, गाडी एक नंबर आहे. पण पायांवर पाणी घालायला कुणी नाही."

तो म्हणाला, "पुढच्या साली मूर्ती मी घेऊन येतो, मास्तर. तुमी फकस्त दार उघडा नि माज्या पायांवर पाणी घाला."

मी गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली नि म्हणालो, "तांब्या भरून ठेवतो."